दुबई–मुंबई, पाबे घाट मार्गे

“कुठून कुठं?”

भोरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, आडनाव नाही, नोकरी कायमची की तात्पुरती, काही नाही. मी दारात, खांद्याला पिशवी, पायात अजून चपला, आणि समोर बनियनवर उभा असलेला हा उंच, सडपातळ माणूस, कानावर पेन्सिल अडकवलेला.

“साताऱ्याहून आले,” मी म्हणाले.

“घरातून किती वाजता निघालात?”

“सहा दहाला.”

मला नेमकी वेळ ठाऊक आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. भिंतीवरच्या नकाशाला त्यांनी एक लाल दोरा लावला, तो पट्टीवर मोजला, कानावरची पेन्सिल काढून कॅलेंडरच्या पाठीवर आकडेमोड केली. “चोपन्न किलोमीटर. हवाई अंतर हं! विमानानं आला असतात तर चार मिनिटं.” मग घड्याळ पाहिलं. “नऊ पस्तीस. म्हणजे तुम्हाला लागले तीन तास पंचवीस मिनिटं. चार मिनिटांच्या कामाला!”

“अहो, त्या बाईला आधी बसा तरी म्हणा!” आतून काकू ओरडल्या.

खोली मला मिळाली. घरातून निघाल्याची वेळ मिनिटासकट सांगणारी भाडेकरू यापूर्वी आली नव्हती, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. अगोदरच्या दोघांनी “सकाळी निघालो” एवढंच म्हटलं होतं आणि त्यांना खोली नाकारण्यात आली होती.

काका एसटीत कंट्रोलर होते. भोरच्या स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून आयुष्यभर त्यांनी गाड्या सोडल्या, नोंदल्या आणि पुकारल्या. निवृत्त झाले आणि घरी आले, तर हाताशी एकही गाडी नाही. दोन महिने त्यांनी काकूंच्या स्वयंपाकाचं वेळापत्रक लावून पाहिलं. काकूंनी लाटणं दाखवल्यावर तो नाद सुटला. मग एका संध्याकाळी गच्चीवर पापड काढायला गेलेल्या काकांना आभाळात एक विमान दिसलं आणि त्यांच्या मनात आलं, ही गाडी कुठून कुठं चाललीय? पुतण्यानं मोबाईलमध्ये विमानं दाखवणारं अ‍ॅप घालून दिलं. तिथून पुढं भोरवरून जाणारं एकही विमान नोंद झाल्याशिवाय गेलं नाही.

मी तीन वर्षं त्यांच्या माडीवर राहिले. रोज सकाळी भोरहून निघायचं, नसरापूरला गाडी बदलायची आणि मार्गासनीच्या पुढच्या वाडीवरच्या माझ्या दोन वर्गांच्या शाळेत पोचायचं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत आम्ही सगळे अजून वेल्हेच म्हणतो. संध्याकाळी दमून घरी यावं, जिना चढावा, तर वरून आवाज यायचा, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! चेन्नईहून मुंबईला जाणारी विनाथांबा गाडी भोरवरून पुढे सुटत आहे!” खालच्या गल्लीत पोरं खेळायची थांबून वर बघायची. काही तर हात करायची. मी सुरुवातीला कपाळावर हात मारून घ्यायचे. सहा महिन्यांनी मीही चहाचा कप घेऊन गच्चीवर जायला लागले. मला वाटतं, त्या घराच्या पाण्यातच काहीतरी होतं.

काकांच्या खोलीत टेबलावर एक पृथ्वीचा गोल होता. कुठल्याशा शाळेच्या भंगारातून उचललेला. त्याच्यावर रशिया अजून फुटलेला नव्हता. मी ते दाखवल्यावर काका म्हणाले, “देश फुटू देत की. अंतर कुठं बदलतं?” गोलावर मोजायला करगोट्याचा काळा दोरा, त्याला ठरावीक अंतरावर गाठी. एक गाठ म्हणजे हजार किलोमीटर. काळा दोरा गोलाचा, लाल दोरा नकाशाचा. चुकून कुणी अदलाबदल केली तर दिवसभर अबोला.

समोरच्या वकिलांचा मुलगा शिकागोला निघाला तेव्हाची गोष्ट. वकिलांनी ऐटीत नकाशावर बोट ठेवून सांगितलं, “हे अरबस्तान, हा आफ्रिकेचा कोपरा, मग अटलांटिक, की पोचला.” काकांनी गोल आणला, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरायला वकिलांना लावलं, दुसरं शिकागोवर स्वतः ताणलं. दोरा सरळ उत्तरेला सरकला! रशिया, वरचं बर्फाचं टोक, ग्रीनलंड, कॅनडा. वकील म्हणाले, “छे! काहीतरीच. पश्चिमेला जायला उत्तरेला कोण जातं?” काका म्हणाले, “दोरा ओढून धरा आणि अरबस्तानावरून नेऊन दाखवा.” वकिलांनी नेला. दोरा दोन बोटं कमी पडला. वकिलांनी तीन वेळा प्रयत्न केला, चष्मा काढून केला, गोल मांडीवर घेऊन केला. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली आणि तिला दाखवलं. त्या दिवसापासून वकील काकांना “साहेब” म्हणू लागले.

काका स्वतः एकदाच विमानात बसले होते. पुतण्यानं पुण्याहून दिल्लीला नेलं. सगळे लोक खिडकीतून ढग बघत होते, काका मनगटावरचं घड्याळ बघत होते. चाकं सुटली ती वेळ, चाकं टेकली ती वेळ. उतरताना दारातल्या हवाईसुंदरीनं हात जोडले, तर काकांनी तिला सांगितलं, “तीन मिनिटं लवकर आणलीत. ड्रायव्हरला सांगा.” ती म्हणे हसली आणि आत जाऊन खरंच सांगून आली. हा प्रसंग मी तीन वर्षांत किमान चाळीस वेळा ऐकला असेल, आणि प्रत्येक वेळी “खरंच सांगून आली” म्हणताना काकांचा आवाज चढायचा.

पण एका बाबतीत हा माणूस दगडासारखा होता. खात्री नसलेली वेळ त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. स्टँडवर असताना लोक खिडकीशी यायचे, महाडची गाडी येतेय का म्हणून. दुसरा कुणीही “येईलच आता” म्हणाला असता. काका म्हणायचे, “कळलं की सांगतो.” लोक चिडायचे, शिव्या घालायचे. एकदा तर एका पुढाऱ्यानं तक्रार केली. काकांचं म्हणणं एकच, “मी येतेय म्हटलं की माणूस उन्हात उभा राहतो. आणि नाही आली तर?”

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या, मार्गासनीच्या. नवरा लवकर गेलेला, चार खाचरं भात, एक मुलगी, काजल. मावशींचा एकुलता भाऊ दुबईला क्रेन चालवायचा. बाप गेला तेव्हा काजल पहिलीत होती. तिची शाळा, तिचं कॉलेज, तिला आलेला टायफॉईड, सगळं त्या मामानंच काढलं, आधी इथं राहून आणि मग तिकडून. एकदा भोरला बाजाराला आलेल्या मावशी मला भेटायला घरी आल्या. काकांनी अर्थातच विचारलं, “कुठून कुठं?” बोलता बोलता भावाचा विषय निघाला.

“दुबई लई लांब हाय का वो?” मावशींनी विचारलं. “चार वर्सं झाली, तोंड बघितलं न्हाई.”

काकांनी गोल आणला. दोऱ्याचं टोक मावशींच्या हातात दिलं. मग तोच दोरा आसामातल्या दिब्रुगडकडे फिरवला. “बघा. दिब्रुगड आपल्याच देशात. तरी दुबई त्याच्यापेक्षा जवळ. मुंबईपासून एकोणीसशे तीस किलोमीटर. जाताना सव्वातीन तास, येताना पावणेतीन.”

“येताना कमी कसं?”

“येताना वारा पाठीशी असतो. थंडीत तर जास्तच.”

मावशींनी गोलावर दुबईहून मुंबईकडे बोट फिरवलं. “म्हंजी घराकडं येताना वारा ढकलतोय व्हय?” असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले. काका एवढे खूश झाले की काकूंना न विचारता त्यांनी मावशींना जेवायला थांबवलं.

म्हणूनच काजलच्या लग्नाची पहिली पत्रिका माझ्या आधी काकांना आली. लग्न थंडीत, घरापुढच्या मांडवात, गोरज मुहूर्त सहा वाजून चोवीस मिनिटांनी. मामाला रजा मिळाली ती नेमकी लग्नाच्या दिवसापासून. त्याच दिवशी सकाळी दुबईहून निघायचं, मुंबईला उतरायचं आणि मावशींच्या पुतण्यानं, अक्षयनं, गाडी घेऊन त्याला आणायला जायचं. आमच्याकडे लग्नात मुलीचा मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. काजल आईला स्पष्ट म्हणाली होती, “माज्या मागं मामा न्हाई तर म्या पाटावर उभी ऱ्हाणार न्हाई.” मावशींना वाटलं, पोर लाडानं बोलतेय. मला तसं वाटलं नाही. त्या मुलीला मी ओळखत होते.

लग्नाच्या दिवशी काकांनी मला पहिल्या गाडीनं ओढत नेलं. सव्वाआठला मांडवात पोचलो तर हळदीची गडबड, आणि चुलीपाशी मावशी मान खाली घालून बसलेल्या. अक्षयची गाडी दारातच उभी, आणि तो तिच्यात पाण्याचे जार चढवत होता.

“तू अजून इथंच?” काका ओरडले. “मुंबईला कोण जाणार?”

उत्तर मावशींच्या दिरांनी दिलं. ते पुण्यात एका कंपनीत सुपरवायझर, घरात त्यांचा शब्द चालायचा. “आता जाऊन काय उपयोग? सकाळी त्याचा फोन आला, तिकिटावर उतरायची वेळ बारा वीस. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणजे आपले झाले एक पन्नास. बाहेर यायला तास, गाडीला पाच तास. आठ वाजणार. मुहूर्त सहा चोवीसचा. मी ठरवलंय, चुलत मामा उभा राहील. हा येऊ दे रात्री जेवायला.”

काकांनी डोक्याला हात लावला. असा संतापलेला आणि असा आनंदलेला माणूस मी एकाच वेळी पाहिला नव्हता. “अहो, विमान जिथं टेकतं तिथलंच घड्याळ तिकिटावर असतं! बारा वीस म्हणजे मुंबईचेच बारा वीस!”

“कशावरून?”

“निघायची वेळ काय?”

“आठ पाच.”

“ती दुबईची. आता आठ पाच ते बारा वीस किती झाले? सव्वाचार तास. तुमच्या हिशेबानं दुबईहून मुंबईला सव्वाचार तास लागतात. मधे चहाला थांबतं का विमान? सव्वाचारातून तुमचा तो दीड तास काढा. किती राहिले?”

“पावणेतीन,” दीर म्हणाले.

“पावणेतीन!” हे मात्र मावशी चुलीपासून उठून ओरडल्या. “साहेब मला तवाच म्हणालं हुतं! येताना पावणेतीन!”

पुढच्या दोन मिनिटांत पाण्याचे जार जमिनीवर आणि गाडी रस्त्यावर. काकांनी पळत जाऊन अक्षयच्या खिडकीत तोंड घातलं. “आठ वीसला सुटलास. एकच्या सुमाराला तिथं. सव्वाला निघालास तर सव्वासहाला इथं. नऊ मिनिटं शिल्लक आहेत तुझ्याकडं. ती कुठं चहात घालवायची नाहीत!” मग ते हळद लावून बसलेल्या काजलपुढं जाऊन उभे राहिले. “निघायची वेळ, यायची वेळ, दोन्ही जुळतात पोरी. होण्यासारखं आहे.” येतोय असं ते म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. काजलच्याही आलं असावं.

त्यानंतरचे चार तास मी कधी विसरणार नाही. काका मांडवाच्या खांबाला टेकून, हातात मोबाईल. विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं! काकांचा चेहरा पडला, आचारी, भटजी, नवरीच्या मैत्रिणी, सगळ्यांचे पडले. मग बातम्या सुरू झाल्या. “ओमान सोडलं!” चुलीपाशी एकच ओरडा. “समुद्रावर आलं! वेग बघा, वेग! पाठीशी वारा आहे!” पंगतीत वाढणारी पोरं वाटेत थांबून विचारायची, “कुठवर आलं वो?” ज्या दिरांनी गाडी रद्द केली होती, ते तर काकांच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. पंचवीसातली एकोणीस मिनिटं वाऱ्यानं परत दिली. बारा सव्वीसला विमान टेकलं, आणि मार्गासनीत हलगीवाल्यानं कारण नसताना हलगी वाजवली.

एक वाजून वीस मिनिटांनी अक्षयचा फोन. “मामा बसलं गाडीत. निघालो.”

सगळं जुळत होतं. पावणेपाचला पुन्हा काकांचा फोन वाजला. अक्षय पुण्याच्या बाहेर पोचला होता, पण आवाज रडवेला. “आजोबा, पुढं शिवऱ्यापाशी कंटेनर आडवा झालाय म्हंत्यात. बोगद्यापासनं गाड्या हुब्या हायत. काय करू?”

हायवे बंद म्हणजे मार्गासनीचा रस्ताच बंद. काकांनी डोळे मिटले. तेव्हा ते मला पहिल्यांदा त्या जाळीच्या खिडकीमागचे कंट्रोलर दिसले.

“वडगावचा पूल आला का?”

“म्होरं दिसतोय.”

“तिथं खाली उतर. खडकवासला, खानापूर, आणि उजवीकडं नाही, डावीकडं. पाबे घाट.”

“पाबे घाट?” दीर पुढे आले. “साहेब, तो रस्ता काय गाडीचा आहे? चढ बघितलाय का? एक गाडी समोरून आली तर मागं यावं लागतं!”

“बघितलाय,” काका म्हणाले आणि फोनमध्ये ओरडले, “घाटात पहिल्या गिअरला लाजू नको! मामाला सांग, घट्ट धरून बस!”

पाच वीसला खानापुरातून शेवटचा फोन आला. त्यानंतर घाट, आणि घाटात रेंज नाही. काका दर मिनिटाला नंबर लावत होते. साडेपाच. पावणेसहा. सहा वाजले. नवरदेव पारावरून वाजतगाजत आला. काकांचा शर्ट थंडीत घामानं भिजलेला.

सहा बाराला नवरीला बाहेर बोलावलं. काजल घराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. अंतरपाट धरलेला, समोर नवरा उभा, चुलत मामा नारळ घेऊन तयार. ती हलेना. भटजी म्हणाले, वेळ होतेय. आई म्हणाली, चल बाई. वऱ्हाडात कुजबूज सुरू झाली, नवरदेवाच्या वडिलांनी भुवया वर केल्या. काजलनं एवढ्या गर्दीतून नेमकं काकांकडं बघितलं.

काकांनी हातातला मोबाईल बघितला. मी शेजारीच होते. पडद्यावर काही नव्हतं, नंबर लागत नव्हता. गाडी घाटात आहे की दरीत, कुणाला ठाऊक नव्हतं. काकांनी माईकवाल्याच्या हातातून माईक घेतला.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं,” आवाज असा खणखणीत की मांडव गप्प झाला. “दुबईहून मुंबई, खानापूर, पाबे घाट मार्गे मार्गासनीला येणारी गाडी घाट उतरलेली आहे. गाडी वेळेवर आहे.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. काजलनं पाऊल उचललं आणि ती पाटावर येऊन उभी राहिली. काकांनी माईक खाली घेतला. मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघेनात. “खोटं बोललो मी,” ते एवढं हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं. “नाही आला तर ती पोर मला...”

मंगलाष्टकं सुरू झाली. एक झालं. दुसरं झालं. चुलत मामा नारळ धरून तिच्या मागं उभा. माझे डोळे रस्त्याकडं, काकांचे घड्याळाकडं. तिसरं संपता संपता घाट उतरतो त्या वेल्ह्याच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला, एक नाही, लागोपाठ, थांबेचना. मग धूळ, मग गाडी. गाडी नीट थांबायच्या आत दार उघडून एक काळासावळा, दाढी वाढलेला माणूस खाली उतरला आणि पळत सुटला. एका पायात बूट होता, दुसरा गाडीतच राहिला. लोकांनी वाट करून दिली. चुलत मामानं आपण होऊन नारळ त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाला.

काजलला हे काही दिसत नव्हतं. तोंड अंतरपाटाकडं, मागं वळायचं नसतं. कुणीतरी पुकारायला हवं होतं, आणि माईक काकांच्याच हातात होता. त्यांनी तो तोंडापाशी नेला. ज्या माणसानं हजारो गाड्या पुकारल्या, त्याला “आली” एवढं म्हणता येईना. कर्ण्यातून साऱ्या मार्गासनीला फक्त एका म्हाताऱ्या माणसाचे हुंदके ऐकू आले.

ते ऐकून काजलच्या मुंडावळ्या हलायला लागल्या. मामा तिच्या पाठीशी उभा राहिला, धापा टाकत. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली नाही. समोर बघतच तिनं विचारलं, “मामा, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई?”

“खातो की,” मामा म्हणाला. “आदी तुज्या डोक्यावर अक्षता टाकू दे.”